चौऱ्याऐंशीला उभा असलेला मोठा माणूस

आता हा मूर्खपणा माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर आमचा नवरा, संजय, मीठमसाला लावून सांगेलच!

मी बोरीवलीत शाळेत भूगोल शिकवते. शाळा दुपारची, सकाळ मोकळी. म्हणून शेअर बाजाराचा ऑनलाइन क्लास लावला. सर म्हणाले, "भाव पडता पडता जिथे थांबतो आणि खाली व्हॉल्यूमची पट्टी उंच दिसते, म्हणजे भरपूर शेअर हात बदलतात, तिथे मोठे खरेदीदार उभे असतात. तोच सपोर्ट."

झालं! नळाच्या तोट्या बनवणारी एक छोटी कंपनी मी शोधली. कुणी ढुंकून बघत नव्हतं. भाव चौऱ्याऐंशी रुपयांना थांबलेला, पट्टी जराशी वर. मी थोडे घेतले. घेऊन गप्प बसेन तर ती मी कसली? खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकांना गाठलं.

"काका, चौऱ्याऐंशीला कुणीतरी मोठा माणूस उभा आहे!"

"नक्की मां गो?"

"चार्टवर दिसतोय ना!"

काकांनी घेतले. दुसऱ्या दिवशी पट्टी उंच! ती मी समोरच्या मीनाबेनना दाखवली. त्यांनी घेतले, त्यांच्या भिशीतल्या बायकांनी घेतले. पट्टी आणखी उंच!

"बघ, बडी मंडळी आलीयेत," मी संजयच्या नाकासमोर मोबाईल नाचवला.

पण जिवाला स्वस्थता नाही हो! फळ्यावर गोदावरी काढता काढता मोबाईल बघायची. एकदा तर नदी अरबी समुद्राला नेऊन मिळवली.

आणि एका सोमवारी भाव चौऱ्याऐंशीला आला... आणि थांबलाच नाही. त्र्याऐंशी. एक्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर! पट्टी? जेमतेम एक रेघ. मी घाबरून काकांना फोन लावला.

"काका, आज घेतले नाहीत?"

"अगो, मी कुडाळाक लग्नात आसंय! हयसर नेट चलणा नाय!"

मीनाबेनना लावला. "अरे, आम्ही सगळ्या दर्शनाच्या लाइनमध्ये आहोत!"

मी फोन ठेवला आणि डोक्यात उजेड पडला. बाजाराचा सपोर्ट अर्धा कुडाळला पंगतीत, अर्धा देवाच्या रांगेत! बडी मंडळी कुणी नव्हतीच. त्या उंच पट्ट्या म्हणजे आमचीच बिल्डिंग!

परत आल्यावर सगळे दारात हजर. "विकायचेत. पण घेणारा कोण?"

काय तोंड दाखवणार? स्वयंपाकघराच्या नव्या फरशीसाठी ठेवलेले पैसे काढले आणि त्यांना तोटा नको म्हणून चौऱ्याऐंशीलाच खरेदीची ऑर्डर लावली. ते विकत गेले, मी घेत गेले. पट्टी अशी काय उंच गेली, विचारू नका!

दुसऱ्या दिवशी क्लासच्या ग्रुपवर मुलुंडच्या एकाचा मेसेज. "यार, चौऱ्याऐंशीला काय झकास व्हॉल्यूम आहे! नक्की कुणीतरी मोठा माणूस उभा आहे. घेऊ का?"

मी लिहिलं, "नको रे बाबा. तो मोठा माणूस मीच आहे. बोरीवली, बी विंग, तिसरा मजला. आणि आता उभी नाही, आडवी आहे."