ती फळी पक्की बसली होती

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही, पोरीला नाही. आणि ज्यांना सांगायला पाहिजे होतं ते आता राहिले नाहीत. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, म्हणूनच कदाचित सांगवतं.

आधी माझी खोड सांगते. मला झाकलेलं बघवत नाही. आई म्हणायची, हिला दह्याजवळ जाऊ देऊ नका, लागलं का नाही हे पाहायला दहादा झाकण उचलते अन् दही लागतच नाही. पुढं मास्तरीण झाले, तरी खोड गेली नाही. वर्गात पोट्ट्यांनी विचारलं, बाई, मासा झोपतो कधी? पोट्टे विचारून विसरून गेले. मी चार दिवस नाल्यावर मासे बघत बसले. शेवटी कळलं काहीच नाही, ते सोडा.

आमचे हे जवळच्या बोथ गावात पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून होते. तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता. यांचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबले, आणि आमच्या बुद्धवाड्यातून सरकारी खुर्चीवर बसलेले हे पहिले. वाड्याला त्या खुर्चीचं केवढं कौतुक. यांना मात्र तिचं काही नव्हतं. नोकरी कारकुनाची आणि जीव मिस्त्रीचा, असा सगळा मामला. ऑफिसातून आले की कोणाचा रेडिओ खोल, कोणाचं ऑइल इंजिन खोल. जेवायला बसले तरी नखांत काळं. आणि एकच धोशा — गुडीहत्नूरला हायवेवर पंप-इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकायचं, खुर्चीला रामराम करायचा. सासूबाई डोक्यावर हात मारायच्या. मी? मी हो म्हणत नव्हते, नाही पण म्हणत नव्हते.

आता नावेचं सांगते. प्रोजेक्टवर, म्हणजे आमच्या इकडच्या धरणावर, समुद्राकडचे एक इंजिनियर साहेब बदलून आले होते. त्यांना पाण्यावाचून करमत नसे, म्हणून त्यांनी आपल्या मुलखातून एक लहानशी शिडाची नाव आणवली होती. मग त्यांची पुन्हा बदली झाली. नाव मागं राहिली — मोहाच्या झाडाखाली पालथी, पावसाळे खात. जाताना साहेब यांना म्हणाले, तुम्ही घ्या, नाहीतर कोणाच्या तरी चुलीत जाईल.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरी नावेशिवाय बोलणं नाही. हे रोज सायकल मारत प्रोजेक्टवर जायचे. सडलेल्या फळ्या काढल्या, सागवानाच्या घातल्या. फटींत भरायला सरकी काढलेला कापूस — तो तर आमच्याकडं पैशाला पासरी. त्याची वात वळायची, तेलात भिजवायची, फटीत ठोकून बसवायची, वरून तापवलेली राळ. मी पण जाऊन बसायची. वात वळून द्यायची. शीड तर मीच शिवलं, घरच्या मशीनवर, जाडजूड कापडाचं, दुहेरी शिवण घालून. सुया किती मोडल्या त्याचा हिशेबच नाही.

आणि यांनी त्या नावेत एक नवी गोष्ट घातली. साहेबांची नाव वारा पाठीवर असला की पळायची, पण परत येताना वल्हवावी लागायची. यांनी विचार करकरून तिच्या पोटाखाली एक उभी, लांब फळी बसवली. सागवानाची. खालच्या काठाला लोखंडी पट्टी, वर आरपार बोल्ट. म्हणे, आता ही वाऱ्याच्या तोंडावर पण चालन.

मी म्हटलं, वेड लागलं काय? वारा समोरून येतो, तो नाव मागं ढकलंल का पुढं ओढंल?

हे हसायचे. सरळ नाही जात म्हणे, तिरपी जाते, मग दुसऱ्या अंगानं तिरपी — निर्मलच्या घाटात मोटार चढते तशी. मला पटेना. कागदावर काढून दाखवलं, तरी पटेना. मी शाळेत फळ्यावर काढून पाहिलं आणि पोट्टे यायच्या आत पुसून टाकलं. तुम्हीच सांगा, पटण्यासारखं आहे का हे? जे ढकलतं त्याच्याकडंच कसं जाता येईल?

नाव पाण्यात सोडून ठेवली, लाकूड फुगायला. पहिली फेरी रविवारी ठरली. ऑफिसातले लोक येणार, आदिलाबादहून माझा भाऊ येणार. आणि त्या आधी एका संध्याकाळी हे मला म्हणाले, "ही चालली ना, तर मी नोकरी सोडाची दरखास्त टाकून देतो. मंग दुकानच. नाही चालली तर तू म्हणशील तसं. आधी तूच बसजो माह्यासंग." म्हणजे पाहा, ती नाव नव्हतीच. ती यांची परीक्षा होती आणि निकाल माझ्यासमोर लागणार होता. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आता येते त्याच्यावर. किती फिरवते आहे, नाही का?

डोलकाठीवरची जुनी चकरी अडत होती, म्हणून गुरुवारी हे नवी आणायला आदिलाबादला गेले. शाळा सकाळची होती. दुपारी मी प्रोजेक्टवर गेले — नुसती पाहायला, असं स्वतःला सांगून. तिथं कोणी नव्हतं. नाव दोराला हलत होती. वारा चांगला होता, समोरच्या काठाकडून इकडं येणारा. म्हणजे मला हवा तोच, समोरचा. पदर खोचला, दोर सोडला, शीड ओढलं.

भीती? वाटली असेल. मला आठवत नाही. आठवतं ते हे की नाव आधी आडवी घसरली, मग तिनं काहीतरी धरलं — खाली त्या फळीनं पाणी धरलं असणार — आणि ती चालायला लागली. तिरपी. वाऱ्याकडं. मी सुकाणू फिरवलं, शीड डोक्यावरून फडफडत दुसऱ्या अंगाला गेलं, मी खाली वाकले, आणि ती पुन्हा चालली. पुन्हा वाऱ्याकडं. मी मागं वळून पाहिलं, तर निघाले तो काठ लांब गेलेला. अगं माय. खरंच जाते. मी एकटीच मोठ्यानं हसत होते. आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे, तो पण इथं सांगून टाकते. तो मी चोरून घेतला होता, तरी तो आनंदच होता.

पलीकडच्या अंगाला जायचं नाही, हे यांनी बजावलं होतं. पाणी उतरलं होतं, आणि तिकडं बुडालेल्या मोहाची खोडं पाण्याखाली हातभरावर आली होती. मला ते पण ठाऊक होतं. पण आणखी एक वळण, आणखी एक — ती खोडं वरून कशी दिसतात ते पाहावं. दिसली नाहीत. खालून धाड असा आवाज आला आणि नाव थरथरून उभी राहिली.

पोटाखालची फळी खोडावर बसली होती. मी वल्ह्यानं ढकलून नाव सोडवली. एका बोल्टच्या भोवती पाणी येत होतं. जास्त नाही, बारीक. परत आले, वारा पाठीवर होता, पटकन आले. काठावर ठेवलेल्या यांच्या पिशवीत कापूस होता, राळेचा डबा होता. काठावर काटक्या पेटवून राळ तापवली, जसं बघितलं होतं तसं वात वळून कापूस कोंबला, वर राळ फासली. पाणी थांबलं. शीड होतं तसं गुंडाळलं. घरी जाऊन साडी धुतली.

संध्याकाळी हे आले ते चकरी हातात घेऊनच. चहा निवून गेला तरी चकरी फिरवून दाखवत होते. तेव्हाच सांगायचं होतं. 'अवो, मी नेली होती, खोडावर बसली.' काय झालं असतं? चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. रविवारचा सोमवार झाला असता, फळी पुन्हा बसवली असती. एवढंच. पण माझ्यासाठी राखून ठेवलेली पहिली फेरी मी आधीच करून आले होते, ते तोंडातून निघेना. आणि — हे मी स्वतःलाही फार उशिरा कबूल केलं — मला उत्सुकता होती. मी लावलेला कापूस टिकतो का, ते पाहायचं होतं.

नाही टिकला.

रविवारी सगळे काठावर. हे मागं सुकाणू धरून, मी समोर बसलेली, न बसून चाललंच नसतं. शिडात वारा भरला, नाव कलंडली, फळीवर जोर आला आणि खालून लाकूड कण्हल्यासारखा आवाज झाला. फळी बोल्टासकट निखळली. लोखंडी पट्टीच्या वजनानं ती तळाला गेली आणि तिच्या जागी पाणी उसळून वर आलं. छातीएवढं पाणी होतं, कोणी बुडणार नव्हतं. हे खाली उतरले आणि नाव ओढत, मला आत तशीच भिजलेली बसवून, काठाकडं आणू लागले. काठावर हशा पिकला. माझा भाऊ ओरडला, "भाऊजी, नाव आणली का चाळणी?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी हसले.

लोकांसोबत हसले. नसते हसले तर चेहऱ्यावर दिसलं असतं, म्हणून. हे पण थोडं हसले मग.

त्यानंतर कितीतरी दिवस हे मला विचारत राहिले. जेवताना, सायकल पुसताना. "माहं काय चुकलं असन? बोल्ट तर कसले होते." मी म्हणायची, जाऊ द्या, जुनी नाव होती. हे मान हलवायचे — नाव जुनी, पण फळी नवी होती, फळी मी बसवली होती. उन्हाळ्यात पाणी आणखी आटलं, तेव्हा फळी शोधायला जातील, तिच्यावरचा खोडाचा घाव पाहतील, म्हणून प्रोजेक्टचं नाव निघालं की मी दुसरंच बोलणं काढायची. गेले नाहीत. दरखास्तही टाकली नाही. नाव कोणीतरी मासे धरायला नेली. शेजारी इंजिन घेऊन आले की हे म्हणायचे, बोथला मिस्त्री आहे, त्याला दाखवा.

इथवरचं सांगून मला थांबता आलं असतं. तुम्ही म्हणाला असता, चूक झाली, भीतीनं लपवली, माणूस आहे. पण मी ज्यासाठी बसले ते अजून सांगितलं नाही.

काही वर्षं गेली. पोरगी शाळेत जाऊ लागली होती. एक दिवस हे गुडीहत्नूरहून आले, आणि कितीतरी काळानं यांचा चेहरा चकरी आणली होती त्या दिवसासारखा होता. हायवेला लागून एक जागा होती. मालक ओळखीचा. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगत होते. पाना कुठं टांगायचा, इंजिनं कुठं ठेवायची, पाटी मराठीत का तेलुगूत — का दोन्हींत. मी भाकरी थापत होते. मला भीती वाटली. पगार जाणार, खुर्ची जाणार, लोक काय म्हणतील. सरळ म्हणायचं होतं की मला भ्या लागते. नवऱ्याला हे म्हणता येत नाही काय? येतं. पण मला ते लांब वाटलं, आणि हाताशी एक जवळचं होतं.

मी म्हटलं, "तुमच्या हातची नाव पाहिली ना साऱ्या गावानं. आता दुकान पण बुडवता काय?"

हे मी पूर्ण ठाऊक असताना म्हटलं. ती फळी पक्की बसली होती हे जगात एकटीला मला ठाऊक असताना. ती वाऱ्याच्या तोंडावर चालली होती, आणि ते चालणं पाहिलेली मी एकटी होते.

हे म्हणाले, "खरं हाये तुह्यं."

मागच्या अंगणात जाऊन हातपाय धुतले, येऊन जेवायला बसले. पुन्हा कधी दुकानाचं नाव काढलं नाही. त्याच खुर्चीवरून रिटायर झाले.

त्या दिवशी जेवताना ते वाक्य माझ्या तोंडात होतं — तुमची फळी चांगली होती, मी ती खोडावर घातली. रविवारी मी भ्याले म्हणून गप्प राहिले होते. त्या दिवशी मी भ्याले नव्हते. त्या दिवशी मी जिंकले होते, म्हणून गप्प राहिले.