नाही म्हणणं सोपं होतं

कॉलेजची फ्रेशर्स पार्टी झाली तेव्हा हॉलमध्ये फुगे होते, प्राचार्यांचं भाषण होतं आणि शेवटी समोसे. खरी पार्टी पुढच्या रविवारी दुपारी दोनला होती. तिचं निमंत्रण फोनवर आलं: "सिर्फ लड़कियाँ. किसी को बताना मत."

उज्जैनच्या फ्रीगंजात टावर चौकापासून दोन गल्ल्या आत तीन सीनियर मुली वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. खाली घरमालकीण राहायच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मराठी नर्स. दर रविवारी दुपारी त्या भजनी मंडळात जात आणि पाचपर्यंत घर मोकळं असे. म्हणून दोनची वेळ.

मी उज्जैनचीच. वडील रेल्वेत, त्यांची इथे बदली झाली तेव्हा मी तिसरीत होते. वर्गातली माझी पहिली मैत्रीण मात्र दीड-दोन तासांवरच्या आगरची, होस्टेलवर राहणारी. तिच्या खानदानात बाहेरगावी शिकायला आलेली ती पहिली मुलगी. वर्षभर मागे लागून तिनं वडिलांची परवानगी मिळवली होती. त्या दिवशी कोणता कुर्ता घालायचा या गडबडीत ती सकाळपासून जेवली नव्हती. मी पोहे खाऊन गेले होते.

इथल्या काळभैरवाला नैवेद्य दारूचा, पण तीर्थक्षेत्र म्हणून शहरातली दारूची दुकानं सरकारनं बंद केलेली, तरी बाटल्या आल्याच होत्या, देवासच्या बाजूनं कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून. आम्ही नव्या सहाजणी भिंतीला पाठ लावून बसलो. एका सीनियर ताईनं माझ्यासमोर ग्लास धरला.

"मैं नहीं पीती, दीदी."

"अरे, भैरवबाबा की नगरी है. बाबा खुद पीते हैं, तू कौन होती है मना करने वाली?"

"तो बाबा को पिलाओ ना. मैं तो इंसान हूँ."

सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि माझ्या हातात कोकमाचं सरबत आलं. एवढंच. मी घरून निघताना मनातल्या मनात केवढी तालीम केली होती! नकार द्यायला एक वाक्य पुरलं. पुढचा तासभर माझ्या ग्लासात काय आहे हे कुणी बघितलंही नाही. ज्याला त्याला आपलीच पडलेली असते.

माझी मैत्रीण नाही म्हणाली नाही. त्यात मला काही गैर वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण तिला पिण्याचा काही अंदाजच नव्हता. गोड लागतंय म्हणून तिनं पाण्यासारखे तीन ग्लास संपवले. मग ती खूप नाचली, मग खूप बोलली, मग "दो मिनट लेटती हूँ" म्हणून आतल्या खोलीत गेली.

वीसेक मिनिटांनी मी बघायला गेले. ती उताणी पडली होती. हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, दंडाला जोरात चिमटा काढला. पापणीसुद्धा हलली नाही. हात गार पडले होते आणि श्वास थांबून थांबून येत होता. झोपलेलं माणूस असं नसतं, एवढं मला कळलं.

मी ओरडले तशा सगळ्या धावत आल्या. कुणी म्हणालं, सोने दो, उतर जाएगी. कुणी लिंबूपाणी आणलं.

"तोंडात काही घालू नका," मी म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडून मराठीच येतं. मग हिंदीत सांगितलं, "निगल नहीं पाएगी, दम घुट जाएगा." तिला कुशीवर वळवलं, मान जरा मागे केली आणि फोन काढला.

मघाशी मला ग्लास देणाऱ्या ताईनं तो हिसकावून घेतला. "एम्बुलेंस आई तो सबके घर फोन जाएगा. मेरी तो पढ़ाई ही छुड़वा देंगे! और इसकी भी."

ते खोटं नव्हतं. आगरहून वडील येतील, सामान बांधतील, आणि हिचं कॉलेज तिथंच संपेल, हे मला दिसत होतं. क्षणभर मीही थांबले. मग मैत्रिणीच्या घशातून विचित्र घरघर आली आणि तिनं उलटी केली. उताणी असती तर ती उलटी श्वासनळीत गेली असती. मी फोनसाठी भांडत बसले नाही. तिच्याजवळ एकीला बसवलं आणि जिना उतरून रस्त्यावर पळाले.

फाटकाशीच घरमालकीण भेटल्या, हातात टाळांची पिशवी. मंडळ लवकर सुटलं होतं. मी सगळं एका दमात सांगितलं: दारू, तीन ग्लास, उपाशी पोट, उठत नाही.

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "किती वेळ झाला?"

"अर्धा तास असेल, मावशी."

"एकशेआठला फोन लाव," म्हणत त्यांनी आपला फोन पुढे केला आणि गुडघेदुखी विसरून जिना चढल्या. वर गेल्यावर त्या कुणावर ओरडल्या नाहीत. नाडी धरून बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाटली कोणती ती दाखवा. डॉक्टर विचारतील." ती बाटली त्याच ताईनं आणून दिली. सोबत माझा फोनही परत दिला.

दवाखान्यात सलाइन लागलं. साखर फार उतरली होती, म्हणाले. दिवेलागणीला मैत्रिणीनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "पापा को बताया?"

सांगितलं होतं. फोन मीच केला होता. ते आगरहून मिळेल त्या बसनं आले, पलंगापाशी उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. "तू साथ में थी?"

"जी अंकल. मैंने नहीं पी, पर इसे रोका भी नहीं. खाली पेट है, ये मुझे पता था."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गेले, ट्रंकेसकट. जाण्याआधी मावशींनी त्यांना चहाला बोलावलं. मी होते तिथे. मावशी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "भाईसाब, नोकरी में मैंने बहुत बच्चे देखे. जिनके दोस्त डर के मारे चुप बैठे, वो घर नहीं गए. आपकी घर जा रही है. अब उसे घर में बंद मत करो."

सतरा दिवसांनी ती परत आली. वडील सोडायला आले होते. त्यांनी माझा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला आणि म्हणाले, "कुछ भी हो, ऐसे ही बताना."

सीनियर मुली महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मुखबिर म्हणायच्या, म्हणजे खबरी. एकदा कँटीनमध्ये ती ताई समोर येऊन बसली. म्हणाली, "फोन मैंने छीना था. रोज याद आता है."

"डॉक्टर के लिए बोतल भी तो आप ही लाई थीं, दीदी," मी म्हटलं. ती रडली, मग आम्ही दोघींनी कचोरी खाल्ली.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. नव्या मुली विचारतात, पार्टीला जायचं का? मी म्हणते, जा. जेवून जा. कुणासोबत येताय आणि कुणासोबत परतणार हे ठरवून जा. नको असेल तर नको म्हणा, कुणी खात नाही. आणि एखादी हलवूनही उठली नाही, तर कोण काय म्हणेल याचा विचार नंतर करा. आधी फोन लावा.