नव्वदाव्या दिवसाचं प्रस्थान

माझ्या भाचीला भारतात राहायचं असेल तर तिला नव्वदाव्या दिवशी भारतातून बाहेर पडावं लागेल, हे मी त्या हिवाळ्यात इतक्या लोकांना समजावून सांगितलं की शेवटी मलाच वेड लागायची पाळी आली. पावणे एमआयडीसीतल्या ज्या रंगाच्या कारखान्यात मी काम करते तिथल्या साहेबांना सांगितलं, फिजिओथेरपिस्टला सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. सगळे आधी हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे जायचं आणि लगेच परत यायचं? मग जायचं कशाला?" याचं उत्तर सरकारकडे असेल.

भाची सोळा वर्षांची. जन्म न्यूझीलंडचा, पासपोर्टही तिथलाच. माझा धाकटा भाऊ तिथे पंधरा वर्षं होता. तिथेच त्याने लग्न केलं, तिथेच ते मोडलं, आणि चार वर्षांपूर्वी तो एकटाच उलव्याला आईकडे आणि माझ्याकडे परत आला. मुलगी तिच्या आईजवळ राहिली. गेल्या वर्षी भावाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. माणूस समोर बसलेला, डोळे उघडे, आणि आत आहे की नाही कळायला मार्ग नाही. भाची शाळेच्या सुट्टीत टूरिस्ट व्हिसावर त्याला भेटायला आली आणि परत जायचं नावच घेईना. तिच्या आईने नाइलाजाने सहा महिन्यांची परवानगी दिली. "त्यापुढे एक दिवस नाही," असं मला फोनवर बजावून सांगितलं.

पोरीने आल्या आल्या बिस्किटांची खोकी कापून पत्ते केले आणि त्यांच्यावर चित्रं काढली. तांब्याचं चित्र, भाताचं चित्र, उघड्या दाराचं चित्र. रोज सकाळ-संध्याकाळ ती बापासमोर एकेक पत्ता धरायची आणि तो बोलेपर्यंत हलायची नाही. तिचं मराठी मोडकं, त्याचं बोलणं मोडकं. दोघांचं छान जमलं. दोन महिन्यांत तो "पानी" म्हणाला. उघड्या दाराच्या चित्राला "ये" म्हणाला. आणि "नको" तर इतकं ठासून म्हणायला लागला की आई खूश होऊन त्याला मुद्दाम दुधीची भाजी वाढायची. त्याच्या उजव्या मुठीत ती एक मऊ चेंडू ठेवायची आणि म्हणायची, "दाब, बाबा." त्या मुठीत तेव्हा कागदाचा चिटोराही टिकत नसे. चेंडू घरंगळत पलंगाखाली जायचा, ती आणायची, पुन्हा ठेवायची. आई आणि मी इतके दिवस नुसतं त्याचं अंग पुसत होतो. त्याच्याशी बोलायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं आणि लाज वाटली.

व्हिसा वर्षभराचा होता, पण एका खेपेला नव्वदच दिवस. एक दिवस जरी जास्त राहिली तर पुढे तिला येऊ देतील की नाही, याची खात्री कोणी देईना. भारतीय माणसाच्या मुलांना कायमचं येण्याजाण्याचं कार्ड मिळतं, पण त्या अर्जावर आई-बाप दोघांच्या सह्या लागतात. बापाचा हात चालत नव्हता आणि आई "विचार करते" म्हणत होती. परदेशी लोकांच्या कचेरीत मी तीन वेळा जाऊन आले. तिन्ही वेळा वेगळ्या खिडकीने वेगळा कागद मागितला. शेवटी एका एजंटने सांगितलं, कोलंबोला जा, दोन दिवस राहा, परत या, नवे नव्वद दिवस मिळतील. मला सुट्टी मिळाली ती नेमकी शेवटच्या दिवसापासून, कारण कारखान्यात त्याआधी मालाची तपासणी होती. म्हणून तिकीट नव्वदाव्या दिवसाचं काढलं. आमच्या गच्चीवरून नवीन विमानतळाचे दिवे दिसतात. आमची भातशेती त्याच बाजूला होती. आणि आमचं विमान मात्र खाडीपलीकडून, मुंबईच्या जुन्या विमानतळावरून.

तारीख कळल्यावर आईने कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्या दिवशी अमावस्या होती.

"अवसेला पोरीला घराभायेर काढतेस? तुला काय वाटतंय का नाय गो?"

"आई, तोच शेवटचा दिवस हाय. आदी मला सुट्टी नाय."

"मंग परस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे, निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. खरं निघताना ती वस्तू उचलायची आणि घरात न आणता तशीच पुढे जायचं. माझ्या दहावीच्या परीक्षेपासून आई हे करत आली आहे. मी म्हटलं, ठेव बाई. पोरीचा एखादा कुर्ता आणि सुपारी ठेवल्याने कोणाचं काय जातंय? आईने अमावस्येच्या दोन दिवस आधी हळदीकुंकू लावलेलं एक गाठोडं समोरच्या काकूंच्या देव्हाऱ्याजवळ नेऊन ठेवलं. मी फिरकले पण नाही.

मी कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर आहे. प्लास्टिकची निळी फाइल, त्यात तिकिटं, तिच्या आईचं संमतिपत्र, हॉटेलचा कागद, सगळ्याच्या दोन दोन प्रती. पासपोर्ट मी चार दिवस आधी स्वतःच्या हाताने लोखंडी कपाटात ठेवला होता. त्या सकाळी साडेआठला कपाट उघडलं तर माझा पासपोर्ट होता, तिचा नव्हता. मी कपाटातल्या साड्या जमिनीवर आणल्या.

आई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "थय कशाला बघतेस? त्यो गेला फुडं."

"कुठं फुडं?"

"काकूंकडं. परस्थानात. कपडं काय, नसलं तरी पोर जाईल. जे घेतल्याबिगर जाता येनार नाय, तेच ठेवायचं असतं."

तिचं म्हणणं त्या पद्धतीने अगदी बरोबर होतं. मी समोरच्या दाराकडे धावले. दाराला कुलूप. बाहेरच्या जाळीच्या दाराला आणखी एक. वॉचमन म्हणाला, काकू काल संध्याकाळीच कराडला गेल्या, मुलीला अचानक दवाखान्यात नेलं म्हणून.

विमान दीडला होतं. काकू फोन उचलत नव्हत्या. मी पंधरा वेळा लावला. मग सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी दाढी करत होते, तशीच अर्धी दाढी घेऊन बाहेर आले.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. पण दुसऱ्याच्या फ्लॅटचं लॉक मी असं तोडू देऊ शकत नाही. ओनरचं लेटर पाहिजे. उद्या काय मिसिंग झालं तर कमिटी मलाच पकडणार ना?"

"काकू फोन घेत नाहीत."

"मग वेट करू."

वेट करू! मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. मी घरी आले तर भाची बापाच्या हातात चेंडू देऊन "दाब, बाबा" करत बसली होती. माझा तोल गेला. "तुला काही पडलंय का? तुझ्यासाठी मी इथे नाचतेय!" ती माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, "आत्या, मी पॅनिक केलं तर बाबा पण करतो." तेव्हा मी भावाकडे बघितलं. त्याचा श्वास जोरात चालला होता आणि त्याची नजर दाराजवळच्या बॅगेवर होती.

पावणेदहाला काकूंचा फोन आला. मी सगळं सांगितलं. सेक्रेटरींना लेखी पाहिजे म्हटल्यावर त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला आणि मी तो जिन्यात पूर्ण आवाजात लावला. "आवं, तोडा की कुलूप! माझी लेक हितं बाळंतपणात अडलीया आन् तुमी लेटर मागताय व्हय?" सेक्रेटरी म्हणाले, व्हॉइस मेसेज म्हणजे लेखी नव्हे. मग मी मजल्यावरच्या सगळ्यांसमोर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातला निम्मा भाग माझ्या वडिलांचा होता, मिठागरावर मजुरांशी बोलायचा. सेक्रेटरींनी बाजूला होऊन वाट दिली.

चावीवाला यायला पाऊण तास लागला आणि कुलपं उघडायला चार मिनिटं. गाठोडं देव्हाऱ्याखाली होतं. कुर्त्याच्या घडीत पासपोर्ट, वर सुपारी, हळकुंड आणि पासपोर्टच्या काळ्या कव्हरवर कुंकवाचं बोट. आई म्हणाली, आता घरात आणायचं नाही, थेट खाली जा. म्हणजे भाचीला बापाचा निरोप घ्यायलाही परत आत येता येईना. ती आजीचं ऐकणार कशी? ती चपला घालूनच आत धावली. तिने त्याला विमानाचा पत्ता दाखवला, दोन बोटं दाखवली, मग उघड्या दाराचा पत्ता दाखवला. दोन दिवस, मग येते. त्याने पत्ते ढकलून दिले. "नको," तो म्हणाला. "नको, नको." आणि रडायला लागला. तिला ओढत खाली नेलं ते मीच.

समुद्रावरच्या पुलावरून टॅक्सी चालली होती आणि मला स्वतःचंच हसू येत होतं, पण ते चांगलं हसू नव्हतं. आईच्या प्रस्थानाला मी आयुष्यभर हसत आले. आणि आता मी तेच करत होते. एक धडधाकट मुलगी दोन दिवस शेजारच्या देशात नेऊन ठेवायची, की सरकारनेही धरावं, ही गेली. काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो. तिथल्या मुलीने कव्हरवरचं कुंकू नखाने खरवडून बघितलं आणि बोर्डिंग पास दिले.

कोलंबोबद्दल मला काही सांगता येणार नाही. आम्ही एका लॉजच्या खोलीत फोनसमोर बसून होतो. आई फोन भावासमोर धरायची आणि तो तोंड फिरवायचा. "सकालपासून तोंड उघडत नाय," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. भाची चित्रं दाखवायची, गाणी म्हणायची, मग फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. मी तिला धीर द्यायच्या ऐवजी पाठांतर करून घेत होते. परतताना अधिकाऱ्याने विचारलं तर सांगायचं, घारापुरी बघितली, माथेरान बघितलं, गेटवे बघितला. टूरिस्ट व्हिसा आहे, काहीतरी बघितलं पाहिजे ना!

परतीच्या काउंटरवर अधिकाऱ्याने पासपोर्ट बराच वेळ चाळला. "नव्वद दिवस राहिलीस, दोन दिवस बाहेर, पुन्हा आत. इतके दिवस काय काय बघितलं?"

मी तिच्या पाठीत बोट खुपसलं.

"काही नाही बघितलं," ती मराठीत म्हणाली. "बाबा आजारी आहेत. मी त्यांना बोलायला शिकवते."

संपलं, मला वाटलं, घालवलं हिने. त्याने माझ्याकडे बघितलं, मी निळी फाइल पुढे केली, ती त्याने उघडलीही नाही. म्हणाला, "कचेरीत अर्ज करायचा ना." मी म्हटलं, "तीन वेळा जाऊन आले." त्याने मान खाली घातली आणि शिक्का मारला. घरी आलो तर तिच्या हातून भावाने आधी पाणी आणि मग दोन वाट्या पेज घेतली.

पुढचे नव्वद दिवस कसे गेले कळलं नाही. या वेळी कोलंबो नव्हतं, प्रस्थान नव्हतं, अमावस्याही नव्हती. तिच्या आईने दिलेले सहा महिने संपत होते आणि शाळा वाट बघत होती. निघायच्या सकाळी मी निळी फाइल भावाच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायला गॅलरीत गेले. परत येऊन फाइल बघितली तर तिकीट होतं, संमतिपत्र होतं, पासपोर्ट नव्हता.

मी आईवर तुटून पडले. एकदा अद्दल घडली ती पुरली नाही का, आता कोणाच्या घरी नेऊन ठेवलास, सगळं बोलले. आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "देवाची आन, मी हातबी नाय लावला." भाची पलंगाशी गेली आणि तिने बापाच्या मांडीवरची चादर बाजूला केली.

पासपोर्ट त्याच्या उजव्या हातात होता. सहा महिने ती ज्या हातात चेंडू ठेवत होती, त्याच. बोटांची नखं पांढरी पडेपर्यंत त्याने तो धरला होता.

"बाबा, दे," ती म्हणाली.

"नको."

तिने पुन्हा मागितलं नाही. ती त्या हाताकडे बघत जमिनीवर बसली. आईने पदर तोंडाला लावला. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता. शेवटी मीच पुढे झाले आणि त्याचं एकेक बोट उघडलं. मला दोन्ही हात लावावे लागले.