रोवण्याच्या बायांचा जबाब

पोलीस खात्यात उभे आयुष्य गेले. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यांतले बरेचसे आता पुसट झाले आहे. एका गाण्याचा तपास मात्र अजून मनातून जात नाही. त्या तपासात मी एक गुन्हा उघडकीस आणला आणि एक गुन्हा स्वतः केला. नावे कोणाचीच देणार नाही, ठाण्याचेही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षे झाली होती. मी नाशिककडचा, तिशीही न गाठलेला फौजदार. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे आला. कौलारू इमारत, एक कोठडी, बिनतारी संच आणि पावसाळ्यात निम्म्या रस्त्यांवर अडून बसणारी जीप. हद्दीत नक्षलवाद्यांची ये-जा सुरू झाली होती. गावकरी त्यांना 'आतले लोक' म्हणत आणि त्यापुढे एक शब्द बोलत नसत. आम्ही पायी गस्त घालायचो. गस्तीवर जाताना भीती वाटायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. भीती असली की माणूस प्रत्येक गोष्टीत शत्रू शोधतो. मी तेच करत होतो.

श्रावणात धानाचा रोवणा जोरात चालू होता. रोवणा म्हणजे धानाच्या रोपांची लावणी. बाया चिखलात रांगेने वाकून रोपे लावतात आणि दिवसभर गातात. एका बाजाराच्या दिवशी आमचा खबऱ्या ठाण्यात आला. हा गावोगाव फिरून मीठ, तंबाखू विकणारा माणूस.

"सायेब, पाच गावाईत रोवण्याच्या बाया एकच गाणं म्हणून राह्यल्या," तो म्हणाला. "पोलिसाच्या विरोधात हाय. अन् त्यात लाल येते."

"लाल म्हणजे काय?"

"आता ते मी काऊन सांगू? तुमाले समजते."

"शिकवलं कोणी?"

"मास्तरपाशी वही हाय म्हणते. त्यात सारं गाणं लिवलं हाय."

मी जिल्ह्याला अहवाल पाठवला. त्या काळात आतल्या लोकांची गाणी म्हणणारी पथके गावोगाव फिरत, त्यामुळे गाणे म्हटले की वरिष्ठांचे कान टवकारत. बिनतारीवर उत्तर आले: गाणे रचणाऱ्याचा तातडीने शोध घ्यावा.

मास्तर म्हणजे शेजारच्या गावातले प्राथमिक शिक्षक. ब्रह्मपुरीकडच्या बौद्ध कुटुंबातले, पस्तिशीचे. जयंतीला हार्मोनियमवर भीमगीते म्हणत. त्यांच्या आवाजासाठी लोक लांबून येतात, असे ऐकून होतो. शाळा भरलेली असताना आम्ही त्यांना जीपमध्ये घातले. टेबलाच्या खणात वही सापडली. तिच्यात त्यांच्याच अक्षरात ते गाणे होते. मला तेवढे पुरेसे वाटले.

ठाण्यात त्यांना समोर बसवले.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"म्हणजे गाणं तुम्ही रचलं."

"नाही साहेब. मी ऐकलं आणि लिहून घेतलं. विसरून जाऊ नये म्हणून."

"मग कोणी रचलं?"

"ते सांगणार नाही."

"का?"

"ज्यांनी रचलं त्यांना तुम्ही इथं आणाल, म्हणून." मग ते म्हणाले, "साहेब, तुम्ही हे गाणं एकदा तरी पूर्ण वाचलं का?"

मी वाचले नव्हते. पहिल्या कडव्यातला 'लाल' आणि 'पोलिसाच्या बुकात' एवढे शब्द पाहून वही मिटली होती. त्यांच्या प्रश्नाने मी चिडलो. दोन शिपायांकडे पाहून म्हणालो, "जरा बघा यांच्याकडे," आणि वऱ्हांड्यात जाऊन शस्त्रांची नोंदवही तपासत बसलो. 'मारा' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. पण खात्यात या वाक्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होते, शिपायांना ठाऊक होते आणि मास्तरांनाही कळले असावे. अर्धा तास मी त्या नोंदवहीत बंदुकांचे तेच ते नंबर वाचत होतो. आतून ओरडणे ऐकू आले. मी उठलो नाही.

आत गेलो तेव्हा मास्तर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात डाव्या हातात धरलेला. मधली तीन बोटे वेडीवाकडी झाली होती. त्यांनी नाव सांगितले नव्हते.

दवाखान्यात नेण्याआधी स्टेशन डायरीत नोंद करायला हवी होती. मी लिहिले: 'संशयित लघुशंकेस जात असता पायरीवरून घसरून पडला.' खाली सही केली.

ठाण्यातले जमादार गोंड समाजातले होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. मास्तरांना पट्टी बांधून आणल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, गाणं वाचू काय?"

"तुम्हाला माहीत आहे हे गाणं?"

"माही घरवाली बी म्हणते."

"मग आतापर्यंत बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलंच नाई. कोणं रचलं ते इचारून राह्यले होते. गाण्यात काय हाय ते कोणी इचारलं नाई."

त्यांनी वही उघडली आणि सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली.

"लाल डोक्शाची आली वो बाई, माहा पारवा नेला
पोलिसाच्या बुकात लिवलं, आपल्या पायानं गेला."

"लाल म्हणजे झेंडाच ना?" मी विचारले.

"झेंडा येते तर 'आला' म्हणतील, साहेब. इथी 'आली' हाय. लाल डोक्शाची, म्हणजे लाल डोक्याची आली. डोकं लाल अशी काय येते? गाडी येते. इथी लाल केबिनचा टरक एकच हाय. ठेकेदाराचा."

त्यांनी पुढची कडवी वाचली. एका कडव्यात गाडीत पुढे कोण बसले होते ते होते: पांढरा सदरा, हातात छत्री. ठेकेदाराच्या मुनिमाची छत्री साऱ्या हद्दीत माहीत होती. मग हे कडवे आले:

"सात मोहाच्या खाली वो बाई, नाला फिरते जिथी
ताजी माती कोणं टाकली, गवत नाई तिथी."

"पारवा कोण?" मी विचारले. उत्तराची भीती वाटत होती.

जमादारांनी हरवलेल्या माणसांची नोंदवही आणून उघडली. उन्हाळ्यातली नोंद होती. बांबू तोडणारा एक आदिवासी मजूर घरून गेला तो परतला नाही, बायकोने खबर दिली. शेरा होता: 'नक्षलवाद्यांत सामील झाल्याचा संशय. नाव संशयितांच्या यादीत घ्यावे.' अक्षर माझे होते. सहीही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि जमादार त्या गावी गेलो. बाया बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करत होत्या. आम्हाला पाहताच गाणे थांबले. जमादारांनी गोंडीत काहीतरी विचारले, तेव्हा रांगेतून एक बाई सरळ उभी राहिली. वय तिशीच्या आत. हाताला कोपरापर्यंत चिखल.

"गाणं तू रचलंस का?" मी विचारले.

"माहं एकच कडवं हाय सायेब. पयलं."

"आणि बाकीची?"

तिने रांगेकडे पाहिले. कोणी मान वर करेना.

"मी तीन खेप तुमच्या ठाण्यात आली होती," ती म्हणाली. "तुमाले आठवते का नाई, माहीत नाई. तुमी म्हणलं, तुहा नवरा आतल्या लोकाईत गेला. बुकात लिवलं. मंग शिपाई घरी येऊन मलेच इचारे, तो भेटाले येते का म्हणून. मी कोणाले सांगू मंग? बायाईले सांगतलं."

हळूहळू सगळे कळले. तिचा नवरा ठेकेदाराच्या बांबूच्या गाडीत खाली चोरून सागवान भरले जाते हे पाहून आला होता आणि त्याने ते जंगलखात्यातल्या एका वरच्या माणसाला सांगितले होते. त्याच आठवड्यात लाल केबिनचा ट्रक त्याला घेऊन गेला. ट्रक एकीने पाहिला. मुनिमाला दुसरीने ओळखले. मोहाच्या झाडांकडे उतरणारी माणसे शेळ्या चारणाऱ्या म्हातारीला दिसली. ताजी माती चौथीने पाहिली. नवऱ्याला पोलिसांच्या यादीत टाकलेल्या बाईच्या बाजूने ठाण्यात येऊन जबाब द्यायची एकीचीही छाती नव्हती. म्हणून प्रत्येकीने आपण पाहिले तेवढे एका कडव्यात घातले. गाणे म्हटले तर बोट कोणावर दाखवणार? रोवण्याच्या मजुरणी गावोगाव जातात, त्यांच्याबरोबर गाणे पाच गावांत गेले.

मी रचणारा शोधत होतो. ती कडवी म्हणजे साक्षीदारांचे जबाब होते. माझ्या ठाण्याने घ्यायला हवे होते ते.

परतताना जमादार म्हणाले, "माहा बाप बेचाळीसमध्ये चिमूरकडे शिपाई होता, साहेब. तवा बी भजन म्हणणाऱ्याईले पकडाचा हुकूम होता. बाप सांगे, भजनाचे शब्द कोणी ऐकतच नोते. नुसतं आवाज कुठून येते ते पाहात."

नायब तहसीलदार, डॉक्टर आणि दोन पंच घेऊन आम्ही सात मोहाखाली गेलो. तिथे नाला वळसा घेऊन मागे फिरतो. आजूबाजूला गुडघाभर गवत आणि मध्ये एक उघडा पट्टा. हातभर खोल खणल्यावर हाडे लागली. कमरेपाशी तंबाखूची डबी होती. झाकणावर खिळ्याने कोरलेले मासोळीचे चित्र होते. डबी तिला दाखवली. तिने ती हातात घेतली, पदराने माती पुसली आणि म्हणाली, "मीच कोरलं होतं."

ती रडली नाही. मागे साऱ्या बाया उभ्या होत्या. मी पंचनाम्याचा कागद काढला तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "आता बराबर लिवा."

मी बरोबर लिहिले. ट्रकचा ड्रायव्हर दोन दिवसांत सापडला, मग मुनीम, मग ठेकेदार. बाया ठाण्यात आल्या आणि त्यांनी रीतसर जबाब दिले. मास्तरांवर कोणताच गुन्हा नाही, असा अहवाल मी पाठवला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला वाटले, झाले ते झाले, निदान शेवट नीट झाला.

खटला दीड वर्षाने सत्र न्यायालयात उभा राहिला. बाया धिटाईने बोलल्या. वहीपुरती मास्तरांची साक्ष होती. बचावाच्या वकिलाने त्यांना हात वर करायला सांगितले.

"ही बोटं कशी मोडली?"

"पोलीस ठाण्यात. शिपायांनी मोडली."

मग मला पिंजऱ्यात बोलावले. तोच प्रश्न. आदल्या दिवशी वरिष्ठांनी बजावले होते, डायरीत आहे तेच सांगायचे. त्या दोन शिपायांची घरे माझ्या डोळ्यांसमोर होती, माझी बढती होती. समोर मास्तर बसले होते, त्यांच्यामागे ती बाई. मी म्हणालो, "डायरीतील नोंदीप्रमाणे ते पायरीवरून पडले."

वकिलाने दवाखान्याचा कागद काढला. डॉक्टरने इजा काठीची लिहिली होती. वकील एवढेच म्हणाला, "जो अधिकारी एका शिक्षकाची बोटं मोडून शपथेवर नाही म्हणतो, त्याने या अडाणी बायांकडून हवं ते वदवून घेतलं नसेल कशावरून? गाणंही पोलिसांनीच शिकवलं असेल."

न्यायालयाने तपासी अधिकाऱ्याची साक्ष अविश्वसनीय ठरवली आणि माझ्या साक्षीबरोबर बायांचे जबाबही बुडाले. ड्रायव्हरला प्रेत दडवल्याबद्दल थोडी शिक्षा झाली. मुनीम आणि ठेकेदार सुटले. निकालाच्या दिवशी ती बाई माझ्याजवळून गेली. मला वाटले शिव्या देईल. तिने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.

माझी बदली झाली. काही वर्षांनी निवृत्त जमादार ब्रह्मपुरीच्या स्टँडवर भेटले. गाणे अजून म्हणतात का, विचारले. म्हणतात, ते म्हणाले, एक कडवे वाढले आहे. ते सांगायला तयार नव्हते. मी फार आग्रह केला तेव्हा खाली बघत म्हणाले:

"बोटं मोडली मास्तराची वो बाई, सायेब म्हणे पडला
बुकात लिवलं एकदा खोटं, कोर्टात पुन्हा पढला."

निवृत्तीनंतर मी मास्तरांच्या घरी गेलो. बोटे वाकडीच होती. हार्मोनियम त्यांनी मुलीला शिकवली होती, स्वतः पुन्हा वाजवू शकले नाहीत. मी म्हणालो, "मास्तर, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"ते मला काय सांगता साहेब," ते शांतपणे म्हणाले. "मी तिथंच होतो. जिथं सांगायचं होतं तिथं तुम्ही सांगितलं नाही." मग त्यांनी चहा मागवला. तो मी कसाबसा प्यालो.

नोकरीत पुढे मी अनेक मोर्चे अडवले, अनेक शाहिरांच्या कार्यक्रमांना बंदोबस्त दिला. त्या प्रकरणानंतर एक सवय लागली: कोण गातो हे विचारण्याआधी काय गातो ते शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायचे. लोक उगाच सरकारविरुद्ध गाणी करत नाहीत. दार ठोठावून हात दुखले की मग गातात. हे तरुण अधिकाऱ्यांना मी सांगत आलो. पण हे सांगताना बोटांची गोष्ट नेहमी गाळायचो. माझ्या हातची डायरी आणि माझी शपथेवरची साक्ष, दोन्ही सरकारी कागदांवर ते खोटे अजून तसेच आहे. त्या दुपारची खरी नोंद इतकी वर्षे फक्त त्या बायांनी ठेवली. तिच्याखाली आज मी सही करतो आहे.