समुद्राला रोवलेली काठी

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका होणार, आणि शब्दही साधेच येणार. पण लेथखाली जसा लोखंडाचा भुगा साचतो ना, तशा आमच्या वर्कशॉपच्या गमती साचल्यात. अधूनमधून झाडल्या नाहीत तर पाय ठेवायला जागा राहत नाही! त्यातल्या या आठवडाभराच्या सुट्टीतल्या.

आमचं वर्कशॉप कुपवाडला. मे महिन्यात मालकांनी मशिनी दुरुस्तीला काढल्या आणि सगळ्यांना सुट्टी दिली. सागरनं मेहुण्याची गाडी आणली आणि आम्ही चौघं कोकणातली मच्छीमारांची गावं बघायला निघालो. सागर, दत्तू, मी आणि आमचे फोरमन मामा. सख्खे नव्हेत, अख्ख्या वर्कशॉपचे मामा.

मामांनी सगळ्यात आधी गाडीत पाण्याचे भरलेले चार कॅन चढवले.

"आवं मामा, समुद्राला चाललोय आपण!" सागर म्हणाला.

"म्हणूनच! तिथलं पाणी कुणी पितंय व्हय?"

कॅन आरामात बसले. मी फोंडा घाट उतरेपर्यंत दत्तूच्या मांडीवर!

* * *

मुक्काम खाडीच्या काठावर एका काकींच्या घरी. त्यांचे यजमान तात्या, त्यांची होडी. सकाळी उठायचं, एखाद्या गावचा किनारा फिरायचा आणि जेवायला काकींकडं यायचं.

पहिल्याच गावात वाळूवर मासळीचा लिलाव चाललेला. आमचा सागर वर्कशॉपला यायच्या आधी सांगलीच्या हळद बाजारात हमाली करायचा. तिथं जुने व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. लिलाव म्हटल्यावर सागरला तेवढंच माहीत. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर टाकला आणि मासे विकणाऱ्या मावशींपुढं हात केला.

मावशींनी टॉवेलाकडं बघितलं, सागरकडं बघितलं.

"हात मागीर धर रे झिला, आदी टोपली धर!"

सबंध किनारा हसला. टोपली सागरनंच गाडीपर्यंत वाहिली.

* * *

तात्यांच्या होडीचं इंजिन दोन दिवस बंद होतं. आम्ही नुसतं बघायला म्हणून गेलो. बघता बघता दत्तूनं शर्ट काढला आणि मी पाना हातात घेतला.

"सुट्टीला आलोय का ओव्हरटायमाला?" सागर ओरडत होता, आणि उजेडाला बॅटरीही तोच धरून होता!

इंजिन धडधडलं. तात्या खूश. म्हणाले, चला, सगळ्यांना फिरवून आणतो. आम्ही तिघं चढलो. मामा किनाऱ्यावरच, समुद्राकडं पाठ करून बसलेले.

"मामा, या की!"

"तुमी जावा. मला गाडी लागती."

"ही होडी हाय मामा!"

"मग हुडी लागती!"

सागर हसला. मला हसू आलं नाही. मामा आणि मी सांगलीत एकाच गल्लीतले. गल्लीतल्या निम्म्या पोरांना कृष्णेत पोहायला मामांनीच शिकवलेलं, पाठीला रिकामा कॅन बांधून. माझा नंबर आला आणि त्याच पावसाळ्यात महापूर आला. मामांच्या घराच्या पत्र्यावरनं पाणी गेलं. नंतर भिंती तेवढ्या उरल्या. तेव्हापासून मामा नदीच्या घाटाची एक पायरी उतरलेले नाहीत. मला पोहायला येत नाही, आणि मी त्यांना कधी विचारलंही नाही. कसं विचारणार?

* * *

अमावस्येच्या दिवशी काकी दुकानाला गेलेल्या, तात्या मासेमारीला. घरात आम्हीच. मामांचं लक्ष खाडीकडं. सकाळी चिखल होता तिथं आता पाणी! मामांनी एक काठी आणली आणि पाण्याच्या कडेला रोवली. पावसाळ्यात आमच्या गल्लीत रोवतात तशीच.

थोड्या वेळानं ते दारात आले. चेहरा पांढरा.

"ईतभर चढलंय. उचला!"

आता खरं तर कुणीतरी काहीतरी विचारायला पाहिजे होतं. पण सांगलीचा माणूस अशा वेळी विचारत बसत नाही. उचलतो! सागरनं टीव्ही माळ्यावर नेला. मी तांदळाचा डबा, सुकी मासळी, काकींची शिलाई मशीन. दत्तूनं एका हातानं गॅसची टाकी धरली आणि दुसऱ्या हातानं घरी फोन लावला.

"कोयनेतनं किती सोडलंय गं?"

फोनमधला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"मे महिन्यात? हितं नळाला पाणी न्हाई!"

तेवढ्यात काकी आल्या. रिकामं घर बघून कपाळाला हात लावला. "चोर इले काय रे?" मग सगळं कळल्यावर पिशवीसकट खाली बसल्या आणि डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या.

"अरे, उधाणाची भरती ती! येता तशी जाता!"

आम्ही सामान परत उतरवायला लागलो. मामा मात्र काठीजवळ जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत. दुपार कलली, पाणी मागं सरलं, काठी चिखलात उघडी पडली. मामांनी ती उपटली, धुतली.

"ग्येलं की रं," ते मला म्हणाले. "कुणाचं काय नेलं न्हाई."

* * *

शेवटच्या दिवशी निघायच्या आधी आम्ही किनाऱ्यावर चहा पीत होतो. मामांनी कप वाळूत ठेवला. शर्ट काढला, त्यावर चष्मा ठेवला आणि चालत सुटले. पाणी गुडघ्याला, कमरेला, आणि मग मामा दिसेनात! मग लांब एक हात दिसला. मग दुसरा.

"मामा! परत फिरा!" सागर ओरडला. दत्तूनं माझा दंड धरलेला. आत जाणार कोण? आम्हा तिघांत पोहणारा एकही नाही!

मामा तात्यांच्या नांगरलेल्या होडीला हात लावून सावकाश परत आले. दम लागलेला. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी तोंड पुसलं, थुंकले आणि म्हणाले,

"लय खारट हाय गड्या. आपली नदीच बरी!"

संध्याकाळी आम्ही सांगलीत पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या आधी मी गाडीतला एक रिकामा कॅन घेतला, सुती दोरी घेतली आणि मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो.