काकूंचं नाक आणि विद्यापीठ

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्या बेचक्यात, एक लाँड्री आहे. पुढच्या खोलीत काउंटर आणि छताजवळच्या दांडीला लटकणारे कोट, मागच्या खोलीत धुण्याची यंत्रं, इस्त्रीची दोन टेबलं आणि दिवसभर वाफ. पुढे काका बसतात, पावत्या फाडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलण्यात गुंतवतात. मागे काकूंचं राज्य. काका दुकानाचे मालक आहेत, पण ते मागच्या खोलीत जाताना दारावर टकटक करतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

काकू ठेंगण्या, अंगानं भक्कम आणि तोंडानं फटकळ. लग्न होऊन आल्या तेव्हा साधा रुमालही धड इस्त्री करता येत नव्हता. सासऱ्यांनी समोर उभं करून शिकवलं. "कापड तापलं की आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना," असं ते म्हणत. सुताचा वास वेगळा, लोकरीचा वेगळा, रेशमाचा तर फारच नाजूक. वर्षानुवर्षं काकू नाकाच्या भरवशावर इस्त्री फिरवत आल्या. डोळे खिडकीबाहेर, तोंड काकांशी वाद घालण्यात, आणि हात आपोआप पुढे.

मग त्या हिवाळ्यात एक सर्दी आली. ताप दोन दिवसांत उतरला, खोकला आठवड्यानं गेला, आणि जाताना काकूंची वासाची जाण घेऊन गेला.

सुरुवातीला त्यांना वाटलं, नाक चोंदलंय, सुटेल. सुटलं, पण आत काहीच पोचेना. साबण म्हणजे नुसता गुळगुळीत ठोकळा, कॉफी म्हणजे गरम कडू पाणी. घरी दूध करपून पातेलं काळं पडलं तेव्हा काकूंनी गॅसच्या शेगडीला शिव्या घातल्या. सुनेनं नवीन काही रांधलं की पहिला घास तोंडात जायच्या आत "मस्त झालंय" म्हणून मोकळ्या. सून बिचारी खूश.

कुणाला सांगितलं नाही त्याला कारण होतं. सून मायेची होती, आणि मायेपोटीच तिनं टुमणं लावलं होतं की आई, आता पुरे, घरी आराम करा. काकूंना आरामाची धास्ती होती. घरी बसून करायचं काय? भिंती मोजायच्या? नाक गेलं म्हटलं की सुनेला आयतं कोलीत मिळालं असतं. म्हणून काकूंनी झाकली मूठ ठेवली.

ती मूठ उघडली एका करड्या लोकरीच्या कोटानं. थंडी संपल्यावर धुवायला आलेला तो कोट होता विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापिकेचा. दुकानात सगळे तिला बाई म्हणत. उंच, विसराळू, खिशात कायम खडू आणि टोपण हरवलेली पेनं. त्या दिवशी काकू कोटाच्या कॉलरवर इस्त्री टेकवून खिडकीतून बाहेरची भांडणं बघत होत्या. फाटकाशी दोन स्कूटरवाले एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, ते सोडवेना.

"अगं, काय जळतंय?" पुढच्या खोलीतून काका ओरडले आणि पहिल्यांदाच टकटक न करता आत आले.

काकू जळत्या कॉलरसमोर उभ्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. काकांनी इस्त्री उचलली. एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"तुला वास नाही आला?"

काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. त्या स्टुलावर बसल्या. "मला कसलाच येत नाही," त्या म्हणाल्या. "सर्दीपासून."

काका चिडतील असं त्यांना वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "म्हणजे परवा माझा भात लागला, तो तू चवीनं खाल्लास, ते तसं होय!" आणि दोघंही त्या धुरात हसत सुटले.

संध्याकाळी बाई आल्या. काकूंनी कोट काउंटरवर पसरला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भरपाईचं म्हणणार, तोच बाईंनी कोट बाजूला सारला.

"काकू, किती महिने झाले वास जाऊन?"

"चार-पाच. पण कोटाचं…"

"कोट राहू द्या हो! आम्ही तुमच्यासारखी माणसं शोधत फिरतोय, आणि तुम्ही इथे फाटकासमोर बसलाय. काखेत कळसा म्हणतात तो हाच."

काकूंना वाटलं, कोट जळल्याच्या धक्क्यानं बाईंचं डोकं फिरलं. पण बाई खरंच सांगत होत्या. विद्यापीठात एक अभ्यास सुरू होता. वैद्यकीय विभाग, रसायन विभाग आणि इतिहास विभाग, तिघांचा मिळून. आजारपणात वास गेलेल्या माणसांना रोज ठरावीक वास हुंगायला लावले तर काहींचा वास परत येतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. आता त्यांना पाहायचं होतं की हुंगताना त्या वासाची आठवण बोलून दाखवली तर तो लवकर परततो का. आठवणी गोळा करण्याचं काम बाईंचं.

"त्यात सुई टोचतात?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग येते. पण आधी कॉलर बदलून देणार."

विद्यापीठाच्या दवाखान्यातली ती खोली फार चमत्कारिक होती. पडदे नाहीत, फुलं नाहीत, फिनेलसुद्धा नाही. कशालाच वास येऊ नये अशी व्यवस्था. डॉक्टर म्हणजे भरभर बोलणारी, केस आखूड कापलेली तरुण बाई. वास बनवणारा रसायनवाला दाढीधारी, आणि त्याला बारा महिने शिंका. "ज्याचं स्वतःचं नाक असं, तो माझं काय दुरुस्त करणार?" काकू काकांच्या कानात म्हणाल्या. ते बाईंसकट तिघांनीही ऐकलं. सगळ्यांत मोठ्यांदा रसायनवालाच हसला.

त्यानं चार बाटल्या दिल्या: लिंबू, लवंग, नीलगिरी आणि गुलाब. सकाळ-संध्याकाळ घरी हुंगायच्या. कोणी नुसतं हुंगायचं आणि कोणी आठवणीही सांगायच्या, हे संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काकूंच्या वाट्याला आठवणी आल्या. काका म्हणाले, "संगणकाला माणसं बरोबर ओळखता येतात."

दर आठवड्याला बाई समोर बसत, रेकॉर्डर चालू करत आणि काकू हुंगत हुंगत बोलत. काका दुकान अर्धा दिवस बंद करून सोबत येत आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत.

लवंगेवर काकू म्हणाल्या, "लग्न होऊन आठवडा झाला नव्हता आणि माझी दाढ ठणकायला लागली. नवीन नवरी, सांगणार कुणाला? गप्प जेवायला बसले तर ताटात कडेला एक लवंग. सासऱ्यांनी ठेवलेली. ना ते काही बोलले, ना मी. तेव्हाच ठरवलं, या घरात आपलं जमेल."

काका खुर्चीत सावरून बसले. वडिलांची ही गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती.

नीलगिरीवर सायकल निघाली. नीलगिरीच्या झाडांच्या रस्त्यावर काका त्यांना सायकल शिकवायला घेऊन गेले होते आणि काकू थेट काकांच्याच अंगावर जाऊन आदळल्या होत्या. "ब्रेक म्हणाले आणि स्वतः समोर उभे राहिले. आता ब्रेक लावू की नवऱ्याकडे बघू?"

लिंबू हुंगताना आईचे हात आठवले. गुलाबाशी मात्र गाडी अडली. काकूंनी बाटली फिरवून फिरवून पाहिली. "गुलाबाची माझ्याकडे गोष्टच नाही, बाई. कुणी दिलाच नाही कधी."

बाईंनी हळूच रेकॉर्डर थांबवला. काका जमिनीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कुंडीत लावलेलं गुलाबाचं रोपटं हजर. "तोडलेलं फूल दोन दिवसांत सुकतं," काका म्हणाले, "त्यापेक्षा हे बरं." रोपट्याला एक इवलीशी कळी होती आणि भरपूर कीड. काकूंनी महिनाभर कीड वेचली आणि मग बाईंना सांगितलं, "आता आहे माझ्याकडे गोष्ट. लिहून घ्या."

दरम्यान नाकानं वेगळाच खेळ मांडला. वास येऊ लागले, पण भलतेच! कॉफीला जळक्या टायरचा, काकांच्या दाढीच्या साबणाला सडक्या कांद्याचा. काकू डॉक्टरांकडे रडकुंडीला येऊन गेल्या, तर डॉक्टर खुर्चीतून उठल्याच.

"छान! अहो, चुकीचा का होईना, वास पोचतोय. आतल्या तारा पुन्हा जुळताहेत, जरा उलटसुलट."

"तुम्हाला छान म्हणायला काय जातंय हो. घरी यांना दाढी करायची बंदी झालीय. बघा कसे दिसतात."

काका रसायनवाल्याशेजारी उभे होते. दोघं भाऊ शोभत होते.

उलटसुलट तारा सुलट व्हायला पुढचा हिवाळा उजाडावा लागला. एका सकाळी काकूंनी कपड्यांचं बोचकं सोडलं आणि थबकल्या. कुणीतरी ओला स्वेटर तसाच कोंबला होता. त्या कुबट, आंबट, नाक मुरडायला लावणाऱ्या वासात त्यांनी तोंड खुपसलं आणि तो स्वेटर झेंड्यासारखा मिरवत पुढे आल्या.

"अहो, हुंगा! काय सुंदर घाण वास आहे!"

काउंटरवर स्वेटरचा मालक उभा होता. तो ओशाळून दुसरीकडे बघू लागला.

अभ्यास संपला तेव्हा भाग घेतलेल्या सगळ्यांना सभागृहात बोलावलं. बाई तोच करडा कोट घालून आल्या होत्या. काकूंनी लावलेली नवी कॉलर अंमळ गडद होती, पण उठून दिसत होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणांना फायदा झाला. आठवणी सांगणाऱ्यांना किंचित जास्त, पण इतका किंचित की तो योगायोगही असू शकेल. आणखी माणसं घेऊन पुन्हा पाहावं लागेल.

काकूंनी हात वर केला. "म्हणजे माझ्या गोष्टी फुकट गेल्या?"

"औषध म्हणून त्यांचं काय करायचं, ते अजून सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण एक दिसलं. नुसतं हुंगणारे निम्मे लोक मध्येच कंटाळून गेले. गोष्टी सांगणारं जवळपास कुणीच गेलं नाही."

"आणि माझ्या कामाच्या तर सगळ्याच आहेत," बाई म्हणाल्या. "तुमची परवानगी असेल तर विद्यापीठात जपून ठेवू."

काकूंनी परवानगी दिली, सायकलची गोष्ट धरून. काका कुरकुरले, पण ऐकू येईल इतकं नाही.

आज काकूंना लिंबू कळतं, लवंग कळते, साबण कळतो. नीलगिरी कधी येते, कधी नाही. सूत आणि लोकर पूर्वीसारखी लांबून कळत नाही, म्हणून, एव्हाना सगळं कळलेल्या सुनेनं जास्त तापली की आपोआप बंद होणारी इस्त्री आणून दिली. आरामाचं टुमणं मात्र तिनं सोडलं. काकूही आता जेवताना आधी घास घेतात आणि मगच मत देतात. परवा म्हणाल्या, "मीठ जास्त पडलंय." सून इतकी हसली की तिला ठसका लागला.

अलीकडे विद्यापीठात झोपेवर नवा अभ्यास निघाला आहे. त्यात दुपारी अंधाऱ्या खोलीत, मऊ गादीवर, डोक्याला तारा लावून झोपायचं असतं. विज्ञानाची सेवा करायला हवी, असं म्हणत काकांनी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. मंगळवारी दुपारी काउंटरवर हल्ली काकू बसतात. गिऱ्हाईक विचारतं, "काका कुठायत?"

"संशोधन करतायत," काकू म्हणतात. "उठले की येतील."