कोंबड्यांचा जबाब

त्या पाड्यावरची संध्याकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण डोकं एवढं कधी चक्रावलं नव्हतं.

तेव्हा मी शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. खर्डीच्या बाजूला एका ग्रामपंचायतीने योजनेतून गरिबांसाठी घरं बांधली होती. थोडा हिस्सा लाभार्थ्याने भरायचा, बाकी सरकारने. ग्रामसभेत चिठ्ठ्या टाकून सोडत झाली. ज्याला जो नंबर लागला ते त्याचं घर. अट कडक होती. ज्याच्या नावावर घर त्यानेच राहायचं. विकलं किंवा दुसऱ्याला दिलं, तर घर पंचायतीकडे परत.

एके दिवशी मुरबाडला छोटं दुकान चालवणारा एक गृहस्थ ठाण्यात आला. त्याच्या विधवा काकीला यात घर लागलं होतं आणि तो भेटायला गेला, तर त्या घरात भलताच माणूस जेवायला बसलेला आणि काकी दुसऱ्याच कुणाच्या ओट्यावर.

"काकीला धड दिसत नाय, साहेब. कुणीतरी अंगठा घेतला असंल. घर गेलं तर ती म्हातारी जाईल कुठं?"

नातेवाईक एवढा कळवळला की आमच्या खात्यात आधी त्याचीच चौकशी करतात. घरावर याचाच डोळा असेल, असं मला वाटलं. तरी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि घरात बसलेल्या त्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं.

भातशेती करणारा साधा माणूस होता. घाबरलेला, पण खोटं बोलण्याचा सराव नसलेला.

"म्हातारीच्या घरात तू राहतोस?"

"घर तिचंच हाय, सायेब."

"मग तू तिथं काय करतोस?"

"आमी तिथं नाय राहत."

"कुठं राहतोस?"

तो जमिनीकडे बघत पुन्हा म्हणाला, "घर तिचंच हाय."

धमकावून झालं, चहा पाजून झाला. गाडी तिथून पुढे सरकेना. पैसे घेतले असते तर माणूस एव्हाना घाम पुसत सरपंचाचं नाव घेतो. हा मात्र विक्रीचं विचारलं की खरोखर गोंधळून माझ्याकडे पाही.

मग हवालदार आणि दोन पंच घेऊन मी पाड्यावर गेलो. पंचनामा सुरू केला आणि आणखीच बुचकळ्यात पडलो. घरांवर रंगाने नंबर टाकलेले होते आणि प्रत्येक नंबरात ज्याचा तोच माणूस बसलेला. म्हातारीही तिच्या घरात, अगदी टोकाला, ओहोळाच्या काठी. पुतण्याही आमच्यासोबत आला होता. त्याचा चेहरा पडला.

"काकी, तू इथं नव्हतीस."

"इथंच हाय रं बाबा. माझंच घर हाय हे."

तिने मला पाणी द्यायला उठून भिंतीशी हात फिरवला. हंडा सापडेना. चुलीला तिचा पाय अडखळला. डोळ्यांनी अधू माणसाला स्वतःचं घर हातांना पाठ असतं. मला संशय आला, पण संशयावर पंचनामा होत नाही. मी लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि निघालो, तर जीपचा पट्टा तुटलेला. खर्डीहून मेकॅनिक येईपर्यंत ओट्यावर बसलो. सगळा पाडा आपापल्या दारात बसून आमच्या जाण्याची वाट बघत होता.

दिवस कलला आणि कोंबड्या घरी परतू लागल्या. म्हातारीच्या कोंबड्या तिच्या दाराकडे न बघता रांगेच्या मध्यावर, चौथ्या घराच्या खुराड्यात शिरल्या. चौथ्या घरवाल्याच्या कोंबड्या टोकाच्या घरात आल्या. कुणाची शेळी भलत्याच्या दारात उभी राहून ओरडू लागली. एकही जनावर पंचनाम्याप्रमाणे वागेना. एका बाईला हसू आवरलं नाही आणि सगळा पाडा हसला. मलाही हसू आलं.

पोलीस येणार म्हणून त्यांनी सकाळीच भांडीकुंडी हलवली होती. कोंबड्यांना कोण समजावणार?

त्यानंतर सगळं सरळ बाहेर आलं. या घरांची सावड होती. लावणी-कापणीला एकमेकांच्या शेतात राबायचं, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. माणसं कामाला गेली की सावडीतलं कुणीतरी मागची पोरं सांभाळणार, म्हाताऱ्यांना पेज देणार. सोडतीने सावडी मोडून सगळ्यांना विखुरलं. म्हातारी एकटी ओहोळाकाठी पडली. म्हणून चौथ्या घरवाल्याने, मी ठाण्यात बोलावलेल्या त्याच माणसाने, स्वतःचं घर तिला दिलं आणि तिच्या टोकाच्या घरात तो राहायला गेला. मग बाकीच्यांनीही आपापसात घरं बदलली. चोरी नाही, विक्री नाही, तरीही अट मोडलेली. गुन्हा कोणता दाखल करायचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

पाहिलं तसं अहवालात लिहिलं, विक्री झालेली नाही हेही लिहिलं. पुढे ग्रामसभेत वरून आलेल्या अधिकाऱ्यांनी म्हातारीला सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, तुमचं घर नेमकं कोणतं?"

"सायेब, नंबर मला दिसत नाय," ती म्हणाली. "हाक मारली की जिथं ओ येते, तिथं मी राहते."

पुतण्याने तिथेच अर्ज मागे घेतला. अदलाबदलीचा ठराव झाला आणि बऱ्याच खेपा घातल्यावर मंजूरही झाला. म्हातारी चौथ्या घरातच राहिली.

चौकशीला जाताना मी पुढे नेहमी दिवस मावळताना जाऊ लागलो; हा व्यवहारातला धडा. दुसरा धडा निवृत्तीनंतर मिळाला. कल्याणला मलाही फ्लॅट सोडतीतच लागला. कागदपत्रं चोख आहेत, दारावर नाव आहे. बायको गेल्यापासून एकटाच असतो. समोर कोण राहतं, ते ठाऊक नाही. कधी कधी संध्याकाळी दार उघडून उभा राहतो. हाक मारून मात्र अजून पाहिलेली नाही.